९९९ म्हणजे ठाऊक नाही

मंगळवारी तीन वाजता रेंज फक्त सातेरीच्या मंडपात,
तीही उत्तरेकडच्या खांबाला पाठ टेकली तर.
तिथे माझा वर्ग भरतो.
मांडीवर आरोग्य केंद्रातली उशी, उशीवर लॅपटॉप,
पडद्यावर बांबोळीहून डॉ. लिगिया मिनेझिस,
त्यांच्या मागे एक पंखा, जो मी कधी फिरताना पाहिला नाही.

"रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे,"
पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं.
"विचारलंच नाही, ते ९९७.
विचारलं, सांगितलं नाही, ते ९९८.
विचारलं, पण त्यालाच ठाऊक नाही, ते ९९९.
तीन निरनिराळी मौनं. एकात कालवू नका."
मी वहीत उतरवून घेतलं,
आणि खाली चौथं, माझं मीच:
विचारायला गेले, कुत्रं बांधलेलं नव्हतं.

तारखांचं तर विचारूच नका.
दिवस आधी की महिना आधी,
माझ्या आधीच्या माणसाने दोन्ही केलंय.
आमच्या फायलीत चौघेजण
ताप यायच्या आधीच बरे होऊन घरी गेलेत.
आणि वय?
"धरणाचं पाणी शेतात चढलं तेव्हा मी रांगत होते,"
एवढं सांगून पुतळी गावशीण बोंडू पिळायला वळते.

पाचव्या धड्यात नावं काढली.
नाव, वाडो, फोन पुसायचे, जागी आकडा.
किल्ली दुसऱ्या फायलीत, तिला कुलूप,
कुलपाचा शब्द माझ्यापाशी.
आईच्या माहेरच्या गाईचं नाव आणि पुढे
... नाही, एवढंही सांगायला नको होतं.

तर फोंडू माजिक आता स-०४७.
काजूखालून मान वर करून
"परत सुई तोपतली गो?" म्हणणारा स-०४७.
गोचीड कधी चावली विचारलं,
तर हसला, "तिकाच विचार."
मी ९९९ लिहिलं.

सहावा धडा, दुबार नोंदी. सरावाला ज्याची त्याची फाईल.
प्रोग्रॅमने माझ्या दोन ओळी पिवळ्या केल्या.
तेच वय, तोच गाव, तीच बाग,
मध्ये बारा दिवस.
"एक ठेवा, एक काढा," म्हणत बाई पुढे सरकल्या.

मी म्हटलं, थांबा, हे दुबार नाही.
हा ताप असाच. उतरतो,
माणूस उठतो, टोपली घेऊन बागेत जातो,
आणि दुसऱ्या आठवड्यात ताप त्याला शोधत येतो, थेट डोक्यात.
दोन्ही खेपांना रक्त मीच काढलं.
दुसऱ्या खेपेला त्याने मला ओळखलं नाही,
सुईलाही हसला नाही.
बोलता बोलता माझा आवाज चढला असावा.
चौकटींतून पेडणे, केपें, काणकोण तसेच बसलेले,
कुणीतरी बशीत चहा ओतत होतं.
मग खाली पट्टी उमटली: तुमचा माईक बंद आहे.

ऐकलं ते सातेरीने,
म्हणजे वारुळाने,
जे कणाकणाने वर आलं
आणि कुठला कण कुणी आणला याची नोंद नाही.

माईक लावून मी एवढंच म्हटलं,
"स-०४७च्या दोन्ही ओळी राहतील."
"राहू देत," बाई म्हणाल्या, "पण कोणी ठेवल्या, केव्हा, का, ते लिहा."
कोणी: शेवंती झर्मेकर.
केव्हा: तीन बेचाळीस.
का: या चौकटीत दोनशे अक्षरंच मावतात.

शेवटचा रकाना, परिणाम.
बरा १. मृत्यू २. अर्ध्यावर सोडून गेला ३.
दोन्ही ओळींत १ आहे, आणि ते खोटं नाही.
फोंडू जिवंत आहे, जेवतो,
बायकोशी भांडतोही म्हणे.
फक्त उजवा हात थरथरतो,
बोंडवातून बी पिळून काढताना बी निसटते.
थरथरीला अंक नाही.
मी विचारलं, चार घालू?
"अभ्यास चालू असताना नवा अंक नको, टिपेत लिहा."

टिपेत काय लिहू?
हात अजून तसाच आहे का,
हे चैत्रापासून मी विचारलंच नाही.
म्हणून सध्या ९९७.

उद्या सकाळी जाते.
कुत्रं बांधून ठेवायला सांगितलंय.